गुत्ता : एका जागेचा महसुली जन्म

पैनगंगेच्या दक्षिणेला तेलुगू बोलणाऱ्या माणसाला ‘गुत्तेदार’ म्हणजे कोण, असे विचारले तर तो रस्त्याचे किंवा पुलाचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराकडे बोट दाखवील. नांदेडकडचा मराठी माणूसही तेच करील. कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’ म्हणजे ठेका. हाच शब्द उर्वरित मराठीत येतो तेव्हा मात्र त्याचा एकच अर्थ शिल्लक राहतो : दारू पिण्याची जागा. ‘गुत्ता’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मिणमिणता उजेड, लाकडी बाकडी आणि तोल सावरत घरी निघालेला माणूस उभा राहतो. मक्त्याचा कागद उभा राहत नाही. वस्तुतः शब्दात आहे तो कागदच. अमुक गावात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता ज्याने सरकारकडून लिलावात घेतला, त्याची जागा ती गुत्ता. (वर्गात हा शब्द निघाला की एखादा विद्यार्थी तो ‘गुंतणे’वरून आला असावा, असा तर्क करतो. पिणाऱ्याच्या अवस्थेला तो शोभतोही; पण ही व्युत्पत्ती नव्हे.)

जगातल्या अन्य भाषांनी अशा जागांना दिलेली नावे पाहिली तर मराठीचे वेगळेपण जाणवते. फारसीत मैखाना, म्हणजे मद्याचे घर. इंग्रजीत लोकांसाठी खुले असलेले घर. मराठीत ‘भट्टी’ आणि ‘पिठा’ सोडले तर जवळजवळ प्रत्येक नावावर सरकारी शिक्का आहे. गुत्ता म्हणजे ठेका. परमिट रूम म्हणजे परवान्याची खोली. ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ या पाटीतला पहिलाच शब्द सरकार. ज्या भाषेत पिण्याच्या जागेला यजमानाचे, पाहुण्याचे किंवा पेयाचे नावच मिळू नये, त्या भाषेत त्या जागेचा इतिहास महसुलाच्या दप्तरातून वाचावा लागतो, असे आमचे मत आहे. हा इतिहास आम्ही येथे यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, झरी जामणी आणि तिच्या आसपासच्या मुलखात, उभा करून पाहणार आहोत. पुण्यामुंबईच्या पानगृहांवर बरेच लिहिले गेले आहे. नदीकाठच्या या तालुक्यात मात्र गुत्त्याचे मूळ अधिक उघडे दिसते.

प्रथम भूगोल. झरी जामणीच्या दक्षिणेला पैनगंगा आहे आणि तिच्यापलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. ही नदी फार काळ दोन राजवटींमधली रेषा राहिली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या हवाली केले. तेव्हापासून अलीकडे इंग्रजी कारभार आणि पलीकडे हैदराबाद संस्थान. १८६४ मध्ये या भागाचा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे तो वणीच्या नावाने, इंग्रजी उच्चारात ‘वून’ म्हणून, ओळखला जाऊ लागला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि १९०५ मध्ये जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. १९५६ च्या पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. शंभर वर्षांत इतक्या वेळा मालक बदलला, परंतु पैनगंगा सीमाच राहिली. सीमा म्हटली की दोन कर आले, दोन भाव आले आणि रात्रीची वाहतूकही आली.

या मुलखात गोंड आणि कोलाम राहतात. कोलामांच्या वस्तीला येथे ‘पोड’ म्हणतात. ती बहुधा मूळ गावापासून हटून, रानाच्या कडेला असते. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, त्यामुळे तेलुगू आणि मराठी या दोन्हींशी तिचा रोजचा व्यवहार चालतो. या वस्त्यांत पिण्याची ‘जागा’ अशी वेगळी नव्हती. असायचे कारणही नव्हते.

त्यासाठी मोहाकडे पाहावे लागेल. मोहाचे फूल चैत्राच्या सुमारास, उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत गळते. झाडाखालची जमीन आधी झाडून, पाचोळा जाळून स्वच्छ केलेली असते. पहाटे बायका आणि मुले टोपल्या घेऊन ते वेचतात. ते वाळवून ठेवले की वर्षभर टिकते. ते खाल्ले जाते, दुष्काळात त्यावर माणसे जगली आहेत, गुरांनाही ते घालतात. त्याचाच थोडा भाग पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात (आजच्या पोलिसी मराठीत याला ‘सडवा’ म्हणतात), मग मडक्यावर मडके रचून वाफ थंड करतात आणि थेंब थेंब उतरवून घेतात. हे सारे घरकाम होते, आणि बहुतांशी बायकांचे. गाळलेली दारू लग्न ठरवताना लागे, मयताच्या विधीत लागे, देवापुढे लागे. पहिले थेंब भुईवर सांडायचे, मग माणसांनी घ्यायची. दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते, मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी गावोगाव फिरतात आणि रात्र रात्र नाच चालतो. ‘रात्रजीवन’ हा शब्द अलीकडे महानगरांच्या धोरणांत वाचायला मिळतो. तो या मुलखाला लावायचाच झाला तर दंडारीच्या रात्रींना लावता येईल. तेथे दारू होती; पण नाच दारूसाठी नव्हता.

मोहाची आणि महाराष्ट्राच्या साहित्याची ओळख किती जुनी आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. हालाच्या सप्तशतीत गोदाकाठच्या कुंजातल्या मोहाला फुले सावकाश गाळण्याची विनवणी करणारी एक गाथा आहे. फुले संपली की वेचायला जाण्याचे निमित्त संपते आणि निमित्त संपले की भेट संपते, ही तिच्यातली व्यंजना. आमच्या आवडत्या गाथांपैकी ती एक. त्या गाथेत मोह ही भेटीची जागा आहे, मद्याची नव्हे.

याचा अर्थ इंग्रज येण्यापूर्वी कोणी दारू पिऊन लोळत नसे किंवा दारूवर कर नव्हता, असा मुळीच नाही. कौटिल्याने सुराध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. पानागारात अनेक खोल्या असाव्यात, निजण्याबसण्याची सोय, गंध, माळा आणि पाणी असावे, तेथील गिऱ्हाइकांवर हेरांची नजर असावी, असा त्याचा तपशील आहे. कलाल ही जात तर जुनीच; रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा दारूचा धंदा आणि राज्याची त्यावरची नजर या दोन्ही गोष्टी प्राचीन आहेत. नवीन होती ती एवढीच गोष्ट : घरी गाळणे हा गुन्हा ठरणे.

तो कसा ठरला याचा नमुना मुंबई इलाख्यात स्पष्ट दिसतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत नेण्याची वाट खुली झाली. ठाणे-कुलाब्याकडे उरणच्या भट्ट्यांतली मोहाची दारू दुकानांत येऊ लागली. पण लोकांच्या अंगणात मोह होताच. म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी थेट मोहफुलांवर कायदा झाला, आणि फूल बाळगण्यावरच निर्बंध आले. ज्या झाडाची फुले खाऊन माणसे उन्हाळा काढत, त्याचे फूल घरात सापडणे हा संशयाचा पुरावा बनला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातेतील याच प्रक्रियेवर ‘रूढीकडून गुन्ह्याकडे’ अशा आशयाचा निबंध १९८५ मध्ये लिहिला. दारूविक्रेता हाच सावकारही कसा होत गेला, प्यालेल्या दारूची उधारी जमिनीपर्यंत कशी पोचत गेली, हे त्यांनी दाखवले. १९२२ च्या देवी चळवळीत तिथल्या आदिवासींनी देवीच्या आज्ञेने दारू सोडली. तो नीतीचा विजय म्हणून सांगितला जातो, परंतु हार्डिमन यांच्या मांडणीत तो पारशी दारूविक्रेत्यांच्या जोखडाविरुद्धचा लढाही आहे. आम्हाला ही मांडणी पटते.

वऱ्हाड-मध्य प्रांतात कायदे वेगळे, पद्धती वेगळ्या. पण तत्त्व तेच. एका क्षेत्राचा मक्ता एकाला द्यायचा. आधी त्याने स्वतःच्या भट्टीवर गाळायचे आणि तिथेच विकायचे, पुढे पुरवठ्याचा ठेका निराळा आणि विक्रीचा निराळा. मक्तेदाराला भरलेली रक्कम वसूल करायची असे, म्हणून दुकान जिथे माणसे जमतात तिथे हवे : बाजाराच्या गावी, रस्त्यालगत. आणि माणसाच्या हाती पैसा असतो तेव्हा ते उघडे हवे : बाजारदिवशी, संध्याकाळी. पूर्वी दारूला वेळ होती, जागा नव्हती. लग्नाला, मयताला, देवाला ती ठरलेली होती आणि मग नाही. गुत्त्याने तिला जागा दिली आणि वेळ काढून घेतली. लग्न नसले तरी गुत्ता उघडाच असतो.

या बदलाकडे मराठी साहित्याने कसे पाहिले? फारसे पाहिलेच नाही. पहिल्या प्रयोगाला १९१९ मध्ये रंगमंचावर आलेले ‘एकच प्याला’ घ्या. गडकऱ्यांचे निधन त्याच वर्षी, प्रयोगापूर्वीच, विदर्भातल्या सावनेरला झाले, हा योगायोग आमच्या प्रदेशातील शिक्षक न चुकता सांगतात. त्या नाटकात आर्यमदिरामंडळ आहे, तळीराम आहे, पानसभेचा विनोद आहे. पण प्रश्न आहे तो सुधाकराच्या स्वभावाचा, अपमानाचा आणि पहिल्या प्याल्याचा. दारू कुठून येते, ती विकण्याचा मक्ता कोणाकडे आहे, सरकारला त्यातून काय मिळते, हे तिथे कोणी विचारत नाही. मध्यमवर्गीय माणसाला दारू हा मोह वाटतो, संस्था वाटत नाही. याउलट माधव जूलियनांनी फारसीच्या व्यासंगातून १९२९ मध्ये उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. तिथे साकी आहे, मदिरालय आहे, क्षणभंगुरतेचे तत्त्वज्ञान आहे. म्हणजे मराठी कवितेला दारूची सुंदर जागा हवी झाली तेव्हा तिला ती इराणातून मागवावी लागली; घरच्या गुत्त्याचे तसे काही करणे तिला जमले नाही. पुढे ‘गोलपिठा’ने १९७२ मध्ये मुंबईच्या रात्रीचा तळ दाखवला तेव्हा हे चित्र पालटले खरे, पण ती मुंबई होती.

एक अपवाद मात्र साहित्याबाहेरचा, किंवा साहित्याच्या कडेवरचा म्हणू. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने वाढवण्याविरुद्ध लेखी आक्षेप नोंदवला. त्यांचे बोट दुकानावर होते, आणि ते उघडू देणाऱ्या व्यवस्थेवर. गडकऱ्यांच्या सुमारे चाळीस वर्षे आधी फुल्यांना जी गोष्ट दिसली, ती आमच्या अभ्यासक्रमांत दारूबंदीवरच्या निबंधात अजूनही दिसत नाही. तिथे सुधाकरच असतो.

स्वातंत्र्यानंतर गुत्ता जाऊन बंदी आली. मध्य प्रांत-वऱ्हाडने १९३८ मध्येच दारूबंदीचा कायदा करून पाहिला होता. मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा. पुनर्रचनेनंतर तो यथावकाश विदर्भालाही लागू झाला. पुढे महाराष्ट्राने बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली. १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक दुकानांना आजचे रूप दिले. पण सैल केली म्हणजे कायदा गेला असे नाही. तो आजही दारूबंदीचाच कायदा आहे, आणि त्याच्या नजरेत परवान्याविना पिणारा प्रत्येक जण गुन्हेगार. परमिट रूममध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात परमिट असते, हे वाचकांनी स्वतःच ठरवावे.

या दुटप्पीपणाला सोबतही आहे, आणि ती बरीच दूरची. मोरोक्कोतील फेझ या जुन्या नगरात तटबंदीच्या आत मशिदी, मदरसे आणि बाजार. फ्रेंच संरक्षित राज्याच्या काळात, १९१२ नंतर, तिच्या शेजारी नवे शहर वसले आणि मद्यपानाच्या जागा मुख्यतः त्या नव्या शहरात गेल्या. १९६७ च्या तिथल्या नियमानुसार मोरोक्कन मुसलमानाला दारू विकता येत नाही. तरी बार चालतात, आणि त्यांत परदेशी पाहुणेच बसलेले असतात असे नाही. तिथे धर्माची लाज आहे आणि आपल्याकडे गांधींची. दोन्हीकडे कागदावर मनाई, तिजोरीत महसूल. पिण्याची जागा शहराच्या परक्या भागात ढकलायची ही युक्तीही आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडे ती बाजाराच्या टोकाला, हमरस्त्यावर किंवा जिल्ह्याच्या हद्दीवर असते.

हद्दीचे हे प्रकरण झरी जामणीच्या मुलखात विशेष आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून होती, ती २०२१ मध्ये उठली. नदीपलीकडे आंध्र प्रदेशात नेल्लोरच्या दुबगुंटा गावातील बायकांनी १९९२ मध्ये अरकविरोधी आंदोलन छेडले. १९९३ मध्ये तिथे अरक बंद झाला, १९९५ मध्ये सगळीच दारू, आणि १९९७ मध्ये पुन्हा सुरू. या साऱ्या काळात यवतमाळ ‘ओला’ राहिला. म्हणजे एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला सहा वर्षे चंद्रपूर, तिसऱ्या बाजूला दोन वर्षे आंध्र, आणि मधे हा जिल्हा. वणी तर वर्धा नदीच्या अलीकडेच आहे, कोळशाच्या खाणींचे गाव, चंद्रपूर जिल्ह्याला लागून. शेजारी बंदी झाली की सीमेवरच्या गावातल्या दुकानाचे गिऱ्हाईक वाढते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. पूर्वी मक्तेदार बाजार पाहून गुत्त्याची जागा ठरवी. आता ती शेजारच्या जिल्ह्याची नीती पाहून ठरते. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, तेव्हा जागा ठरवणाऱ्यांच्या यादीत न्यायालयाचीही भर पडली.

आता बायकांविषयी, कारण या इतिहासाचा सगळा भार शेवटी त्यांच्यावर येऊन पडतो. दारू गाळणारी बाई आणि दारू बंद करा म्हणणारी बाई, या दोन वेगळ्या बायका आहेत अशी शहरी कल्पना असते. पोडावर त्या पुष्कळदा एकाच घरात असतात. सासूला मोह गाळण्याची रीत ठाऊक आहे, सून नवऱ्याच्या पिण्याने गांजली आहे. धाड पडते तेव्हा सडव्याची पिंपे ओतली जातात ती घराच्या मागच्या अंगणात, आणि पंचनाम्यात नाव बाईचे असू शकते. नवसागर घातलेली हातभट्टी आणि देवापुढे ठेवलेली मोहाची दारू यांत कायद्याला फरक दिसत नाही. बाईला तो दिसतो.

फरक करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात केंद्र सरकारने आदिवासी भागांसाठी अबकारीची मार्गदर्शक तत्त्वे दिली : व्यापारी दारूविक्री थांबवा, घरगुती वापरापुरते गाळू द्या. १९९६ च्या पेसा कायद्याने तर ग्रामसभेला दोन अधिकार एकाच कलमात, एकाखाली एक दिले : मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी वा नियंत्रण घालण्याचा, आणि गौण वनोपजाच्या मालकीचा. म्हणजे दारू आणि मोह, दोन्ही ग्रामसभेच्या हाती. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे ही तरतूद इथे केवळ पुस्तकी नाही. महाराष्ट्राचे पेसा नियम यायला मात्र २०१४ उजाडले. मोहफूल गोळा करण्यावरचे आणि बाळगण्यावरचे राज्याचे निर्बंध २०२१ मध्ये उठले. गोव्याने काजूच्या फेणीला २०१६ मध्ये वारशाचा दर्जा दिला, मध्य प्रदेशानेही मोहाच्या दारूला वारसा म्हणायला सुरुवात केली. मोहाच्या दारूला उद्या चकचकीत बाटली आणि वातानुकूलित जागा मिळेलही. तिचा परवाना कोणाच्या नावावर निघेल, हा प्रश्न गुत्त्याच्या लिलावाइतकाच जुना आहे.

दुसरीकडे आडवी बाटली आहे. २००८ च्या शासन आदेशाने गावातल्या बायकांना दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येऊ लागले. पाव हिस्सा मतदार स्त्रियांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातील एकूण मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. त्या दिवशी मजुरी बुडवून, लांबच्या शेतावरून परत येऊन रांगेत उभे राहावे लागते. जी आली नाही तिचे मत दुकानाच्या बाजूला गेल्यासारखेच. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळेल अशी ही चिन्हभाषा आहे, आणि मराठीतल्या पिण्याच्या जागेला बायकांच्या हातून मिळालेले ते बहुधा पहिलेच चिन्ह असावे. पण त्या चिठ्ठीवर असते ते फक्त परवान्याचे दुकान. नदीपलीकडून रात्री येणारी बाटली तिच्यावर नसते, नाल्यातली हातभट्टीही नसते.